श्वास धरलेली नात

४ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद पोचले असं समज. आता तक्रारीकडे वळतो.

तू पाठवलेले फोटो मिळाले. कागदावर छापून पाठवतेस हे उत्तम करतेस. तुझ्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, फोनच्या पडद्यावर नात बघायला आवडत नाही. "बोट लागलं की पोर सटकते आणि तिच्या जागी कुणीतरी गाद्या विकायला येतो," असं तिचं म्हणणं. कागदावरची नात पळत नाही. पण ही नात मुळात हलते तरी का, अशी शंका आता आम्हाला येऊ लागली आहे.

सगळ्या फोटोंत टिंबू भिंतीला पाठ लावून उभी. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, छाती फुगलेली आणि गाल त्याहून फुगलेले. चार वर्षांच्या मुलीला कुस्तीच्या आखाड्यात घालायचा विचार आहे का? मला हसू आलं. ताईला नाही आलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाली, "पोर घाबरलीय."

"कशाला घाबरेल?" मी म्हटलं.

"कशाला नव्हे. कुणाला, ते विचार."

आता तू हुशार आहेस, तेव्हा पुढचं सांगायला नको. एप्रिलमध्ये तुझं बाळंतपण. तुला आई जवळ हवी आहे हे तिला कळतं, आणि तिलाही यायचं आहे हे मला कळतं. पण "त्या माणसाच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही" हे सहा वर्षांपूर्वीचं वाक्य तिनं अजून मागं घेतलेलं नाही, आणि तुमचा प्रत्येक फोटो त्या वाक्याला टेकू देतो आहे.

शाळेत संस्कृत शिकवत असलो तरी वार्षिक अंकासाठी सगळ्या वर्गांचे फोटोही मीच काढतो, त्यामुळे बोलायचा थोडा अधिकार आहे. एक, टिंबूच्या डोक्यातून कपडे वाळत घालायचा स्टँड उगवलेला दिसतो. मुलगी आणि स्टँड यांचा द्वंद्व समास झाला आहे, दोन्ही पदं सारख्याच महत्त्वाची. बटण दाबायच्या आधी डोक्यामागं काय आहे ते बघत जा. दुसरं, सगळ्या फोटोंवर धुकं आहे. तुमच्या स्वयंपाकघरात धुकं पडत नसेल, तर फोनच्या भिंगाला कुणाचं तरी लोण्याचं बोट लागलं आहे. मऊ फडक्यानं पूस.

पण खरा प्रश्न हा, की ती अशी उभी का राहते? आणि फोटो काढतं कोण?

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरची टपालपेटी ताईच्या ताब्यात आहे, आणि माझा फोनही माझ्याआधी तीच उचलते.

तुझा मामा

—

१३ जानेवारी

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की पोटातलं बाळ उलटं झालं असेल. मग रडले. हल्ली दोन्ही एकाच चहात उरकतं.

फोटो तोच काढतो रे. टिंबूचा बाबा. आणि तो दिवसभर काय करतो ते तुला माहीत आहे: लोकांच्या छातीचे एक्स-रे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडी एकच मंत्र. घरी येऊन फोन वर केला की तोच आपोआप बाहेर पडतो. "सरळ उभी राहा. हनुवटी वर. हात कमरेवर. कोपरं पुढे. मोठा श्वास घे. धर. हलू नको." खट्. "सोड." नशीब, तोंड भिंतीकडे करायला लावत नाही!

टिंबूला वाटतं, जगात फोटो असाच काढतात. बाहुलीलाही ती श्वास धरायला लावते. आणि माझ्या लक्षातही आलं नाही, कारण मला ते रोजचंच झालंय. घाबरणं कसलं? ती त्याच्या खांद्यावर बसून दात घासते!

आईचा राग फोटोंवर नाहीच. तिला त्याची पहिली भेट आठवते. मी त्याला घरी आणलं, आईनं दार उघडलं, आणि हा नमस्कार करायच्या आधी म्हणाला, "तुमचा डावा खांदा खाली आहे. एकदा फोटो काढून बघायला हवा." आई त्या दिवशी तिची सर्वांत चांगली साडी नेसली होती, मामा.

डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, म्हणून मला तिकडे येता येत नाही. तीनदा फोनवर म्हटलं, "आई, ये ना." तीनदा ती म्हणाली, "बघू." चौथ्यांदा म्हणायचं धाडस नाही होत. तूच काहीतरी कर. त्याला फोटो काढायला शिकव. माझं तो ऐकत नाही, म्हणतो, "एक्सपोजर बरोबर आहे की!"

भिंगरी

ता.क. भिंग पुसलं. लोणी नव्हतं, जॅम होता.

—

२० जानेवारी

जावईबापू,

आपला हा पहिलाच पत्रव्यवहार, तेव्हा मानपान राहिला तर पुढच्या पत्रात मोजून घ्या. विषय तुमच्या कन्येच्या छायाचित्रांचा आहे.

तुमच्या शास्त्रात माणूस जितका निश्चल तितका उत्तम. आमच्या शास्त्रात निश्चल मूल म्हणजे आजारी तरी किंवा झोपलेलं तरी. तुमचं काम कातडीच्या आतलं दाखवायचं. इथं कातडीवरचंच हवं आहे. ओरखडे, शाई, जॅम. हाडं ठीक आहेत हे आम्ही धरून चालतो.

म्हणून भिंत बंद. टिंबूला खिडकीजवळ बसवा, म्हणजे उजेड तिच्या चेहऱ्यावर कडेनं पडेल. वरचा दिवा मालवा. तो डोळ्यांखाली खड्डे पाडतो आणि चार वर्षांच्या मुलीला कारकून करून टाकतो. मग तुम्ही खाली बसा. गुडघ्यावर, गरज पडली तर पोटावर. तुमच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मुलाचा फक्त भांग येतो. जवळचं हवं असेल तर पडद्यावर बोटं फाकवू नका, पाय हलवून पुढे सरका.

"हस" म्हणू नका. आज्ञार्थात हसणारं मूल अजून जन्मलेलं नाही. मुळात "फोटो" हा शब्दच तोंडातून काढू नका. तिच्या हाताला काहीतरी काम द्या आणि ती त्यात बुडाली की बटण दाबून धरा. एका दमात वीस निघतील. त्यांतले एकोणीस निर्मोही वृत्तीनं पुसा. हा भाग बापांना सर्वांत जड जातो.

आता न विचारलेलं सांगतो. ताईचं असं मत झालं आहे की नात तुम्हाला भिते. मला तसं वाटत नाही, पण ताईला माझं मत लागत नाही. तिला चेहरा दिसायला हवा. एप्रिल फार लांब नाही. तेव्हा कामाला लागा.

मामा

—

५ फेब्रुवारी

मामांना नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण त्या अवस्थेतला पाठीचा कणा डोळ्यांसमोर येतो, म्हणून साधाच घ्या.

तुमच्या सूचनांप्रमाणे प्रयत्न केले, त्याचा अहवाल असा.

पहिल्या दिवशी मी काही न बोलता फोन वर केला. टिंबू उठली, भिंतीपाशी गेली आणि श्वास धरला. मी म्हणालो, "अगं, श्वास सोड." तिनं सोडला आणि परत धरला. आमच्याकडे "सोड" नंतर कधीकधी दुसरा फोटो असतो, हे तिला माहीत आहे.

नंतर फोन पुस्तकाच्या आड धरून बघितला. ती म्हणाली, "बाबा, पुस्तक उलटं आहे."

मग रविवारी सकाळी तिला खिडकीखाली वाटाणे सोलायला बसवलं आणि मी समोर जमिनीवर बसलो. एका शेंगेतून वाटाणे उडाले. ते ती शोधायला लागली. मलाही म्हणाली, "तू कपाटाखाली बघ, तुझे हात लांब आहेत." मी एका हातानं कपाटाखाली चाचपत होतो आणि दुसऱ्या हातानं बटण दाबून धरलं होतं. तिनं एक वाटाणा माझ्या कानात घालून बघितला. तेव्हाचे फोटो सोबत आहेत. पुसणं खरंच जड गेलं, त्यामुळे विसातले नऊ पाठवतो. एक हललेला आहे. आमच्या खात्यात असा फोटो परत काढायला लावतात, पण तो मला टाकवेना.

मामा, एक विचारू का? आईंना मी नको आहे, की फक्त माझं ते वाक्य नको आहे? त्या दिवशी दार उघडलं तेव्हा मला काय बोलावं तेच सुचेना. घाबरलो की मी कामाचं बोलतो. अजूनही. टिंबू झाली तेव्हा डॉक्टरांना पहिलं वाक्य मी "मशीन कोणत्या कंपनीचं?" असं बोललो होतो. तिची आई ते अजून सांगते.

आपला,
जावई

—

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझा नवरा शिकला. फार चांगला शिकला. आणि त्यामुळेच घोटाळा झाला आहे.

फोटो ताईच्या हातात दिले. वाटाणे शोधणारी टिंबू बघून ती चक्क खुदकन हसली. तो हललेला फोटो तर तिनं आरशाच्या कडेला खोचून ठेवला. मी मनात म्हटलं, जिंकलो. आता ही बॅग काढणार. तेवढ्यात ती म्हणाली, "बघितलंस? तो कामावर गेला की पोर कशी खुलते!"

"ताई, अगं, हे जावयानंच काढलेत."

"तुला काय कळतंय. हे माझ्या लेकीनं काढलेत. तो समोर असला की भिंतीला पाठ आणि डोळे वटारलेले. तो घरात नसला की हे असं."

"त्यानं मला पत्रात लिहिलंय."

"लिहील की. पत्रात काय, कुणीही काहीही लिहील."

तिच्या तर्कात मला एकही छिद्र सापडेना. आपण मंडळी इतकी वर्षं फोटो बघतो, पण जो काढतो तो त्यात कधीच नसतो! आता बघ: फोटो वाईट आले तर जावई वाईट, चांगले आले तर जावई घरात नव्हता. वकील मी, पुरावे मीच गोळा केलेले, आणि शिक्षा माझ्याच अशिलाला.

यातून एकच वाट दिसते. तुमच्या घरात माणसं तीन. तू आणि टिंबू एकाच फोटोत आलात, की तो काढणारा कोण हे वेगळं सिद्ध करावं लागणार नाही. वर्षभरात तुझा एकही फोटो आलेला नाही, हेही सहज जाता जाता सांगतो. ताई सहज न जाता, थांबून सांगते.

मामा

—

२४ फेब्रुवारी

मामा,

नाही.

माझे पाय उशीएवढे झालेत. अंगात फक्त त्याचा जुना निळा शर्ट जातो आणि त्याचीही खालची दोन बटणं लागत नाहीत. चेहरा पुरीसारखा फुगलाय. असा फोटो आईच्या हातात गेला तर ती म्हणेल, बघ माझ्या लेकीचं काय करून ठेवलंय.

आणि खरं सांगू? मला रागच आला. सहा वर्षं संसार केला, त्याची पावती आता फोटोतून फाडायची? मी सुखात आहे हे मी फोनवर सांगते, ते पुरत नाही? लेकीपेक्षा कागदावर विश्वास?

आई येणार नसेल तर न येवो. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आहेत, त्या लक्ष ठेवतील म्हणाल्यात.

परवा हॉस्पिटलची पिशवी भरली. काय राहिलं, काय जास्त झालं, कुणाला विचारावं कळेना. मग सगळं परत काढून कपाटात ठेवलं.

तुझ्यावर राग नाही. तूही माझ्यावरचा राग शाळेच्या मुलांवर काढून त्यांना दोन श्लोक जास्त पाठ करायला लावू नकोस.

भिंगरी

—

६ मार्च

मामांना नमस्कार.

सोबत एकच फोटो आहे. तो कसा निघाला ते सांगतो, कारण त्यात माझी काही हुशारी नाही.

काल सकाळी दोघी टेबलाशी बसल्या होत्या. टिंबू आईच्या पोटाला कान लावून आतल्या बाळाला दिवसभराचा बेत सांगत होती. खिडकीतून चांगला उजेड येत होता. तुम्ही म्हणाला होतात, गरज पडली तर पोटावर झोपा. मी झोपलो, फोन वर धरला, आणि माझी कंबर धरली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी म्हणालो, "हलू नका, मला हलता येत नाहीये."

त्या दोघींनी माझ्याकडे बघितलं. दिवसभर लोकांच्या पाठीचे कणे बघणारा माणूस स्वतः कासवासारखा पालथा पडलेला. त्यानंतर जे हसू फुटलं ते मला थांबवता आलं नसतं. बोट बटणावर होतंच.

तिनं "माझा फोटो नको" असं बजावलेलं मला माहीत होतं. म्हणून आधी तिलाच दाखवला आणि म्हटलं, "पुसू का?" ती बराच वेळ बघत राहिली. निळ्या शर्टाबद्दल, पायांबद्दल काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मी तुझ्याकडे अशी बघते?" मी म्हणालो, "मला काय माहीत, मला तर नेहमी असंच दिसतं."

मग म्हणाली, "पाठव."

कंबर आता बरी आहे. टिंबूनं वर बसून दाबली.

जावई

—

१५ मार्च

भिंगरी आणि कासवराव, दोघांनाही,

हे पत्र एकत्र बसून वाचा.

फोटो मी ताईच्या हातात दिला आणि तोंड मिटून बसलो. तिनं आधी तुझे पाय बघितले. "सूज आहे," म्हणाली. मग शर्ट. "त्याचा दिसतोय." मग टिंबूचा कान, तुझ्या पोटाला चिकटलेला. मग ती तुझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली आणि तिथून हललीच नाही.

"ही कुणाकडे बघतेय?"

"फोटो काढणाऱ्याकडे," मी म्हटलं.

"ते कळतंय मला." थोड्या वेळानं, "शेजारपाजारच्या कुणी काढला असेल."

मी काहीच बोललो नाही. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत कठीण मौन.

उत्तर तिनंच दिलं. "शेजाऱ्याकडे बघून माझी लेक असं हसणार नाही. मी वाढवलीय तिला."

पुढे एक सुभाषित माझ्या जिभेवर आलं होतं. फार समर्पक होतं, विरामचिन्हांसकट तयार होतं. तिनं हात वर केला. "एक शब्द संस्कृतातून काढलास तर बघ." म्हणून ते वाया गेलं. तुमच्यासाठी मी केलेल्या त्यागांत त्याची नोंद व्हावी.

मग तिनं फोटो टेबलावर ठेवला, परत उचलला. "मी इतकी वर्षं तिच्या तोंडून ऐकत होते," ती म्हणाली, "की आई, मी मजेत आहे. फोनवर सगळ्याच मुली मजेत असतात. मीही माझ्या आईला तसंच सांगायचे. म्हणून मला ते खरं वाटायचं नाही." एवढं बोलून ती उठली आणि विचारलं, "तुझ्या फोनवर गाड्यांच्या वेळा दिसतात ना? की त्यात फक्त गाद्या दिसतात?"

भिंगरी, तू लिहिलं होतंस, लेकीपेक्षा कागदावर विश्वास? तसं नाही गं. तुझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता, कारण तू तिची मुलगी आहेस. आणि तिच्यासारखीच खोटं बोलू शकतेस, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

काल दुपारभर ती लिहीत बसली होती. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. पत्र जावईबापूंच्या नावानं आहे. पाकीट डिंकानं असं चिकटवलं आहे की उघडताना कात्रीच लागेल. या पत्राच्या आतच घालून पाठवतो.

आता घरात मी एकटा राहणार. फोन वाजला की तो मीच उचलायचा, या कल्पनेनं आतापासून बावरलो आहे.

मामा

—

१४ मार्च

जावईबापूंना,

मी मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. दुपारी तीनला पोचेन. दोन महिने राहीन. कंटाळलात तर स्पष्ट सांगा, मी तरीही राहीन.

लेकीला स्टेशनवर आणू नका. तिला पाय उंच ठेवून पडायला सांगा, दोन उशा घेऊन. हॉस्पिटलची पिशवी तिनं भरू नये. ती मी भरेन. तुम्हीही पिशवीला हात लावू नका.

तुम्ही घ्यायला या. अडचण एकच आहे. लग्नाला मी आले नाही; आपण एकदाच भेटलो, तेही दारात आणि घाईत, आणि मी तेव्हा तुमच्याकडे नीट बघितलं नव्हतं. बघायचंच नव्हतं. तुमच्या घरातून आजवर इतके फोटो आले, त्यात तुम्ही एकाही ठिकाणी नाही. गर्दीत मी तुम्हाला ओळखणार नाही.

म्हणून टिंबूला बरोबर आणा. आणि तिला माझ्याकडे बघायला सांगू नका, हस म्हणून सांगू नका, काहीच सांगू नका. मी गाडीतून उतरून तिला शोधेन. ती ज्याच्याकडे बघत असेल, ते तुम्ही.

तुमच्या सासूबाई